शेवटच्या ओळीतले वेंकटराव

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टेबलाच्या खालच्या खणात जुने चार्जर साचतात, तसे ते आपोआप साचतात. मग एक दिवस खण बंदच होईनासा होतो आणि सगळं टेबलावर ओतून बसावं लागतं. माझा खण आता भरलाय.

माझ्या खणातला माल एकाच प्रकारचा आहे. साधी टेक्स्ट फाइल. रंग नाही, चित्र नाही, नुसती अक्षरं एकाखाली एक. याहून निरुपद्रवी वस्तू कॉम्प्युटरमध्ये दुसरी नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. शिकवणाऱ्या सरांना मला एकदा निवांत भेटायचंय.

आधी आमची मंडळी सांगतो. मी प्रसाद, मूळ निपाणीचा. आमचं ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. त्याच इमारतीत वरचे तीन मजले एका मोठ्या कंपनीकडे आहेत आणि त्यांच्या लोकांना सकाळी घरून आणायच्या कॅब आम्ही लावतो. कुणाला कुठून घ्यायचं याची यादी टेक्स्ट फाइलमध्ये येते. मी सांभाळतो तो प्रोग्राम ती वाचतो, ड्रायव्हरला नावं पाठवतो आणि प्रवाशाच्या फोनवर ओटीपी पाठवतो. प्रवाशानं ओटीपी सांगितला की पिकअप झाला. दहा मिनिटं थांबून ओटीपी मिळाला नाही, की पिकअप चुकला. गाडीच आली नाही अशी प्रवाशाची तक्रार आली, तर आमचा मॅनेजर तीही हातानं चुकल्यात चढवतो. चुकलेले पिकअप भिंतीवरच्या टीव्हीवर लाल आकड्यात दिसतात, म्हणजे पाणी प्यायला उठलेल्या माणसालाही दिसतात.

याद्या करते सुभद्राक्का. वय अठ्ठावन्न. तिचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. मी बारा वर्षं बंगळूरात आहे, तरी ती मला अजून 'नवीन आलेला' म्हणते. तिच्या मराठीत थोडं म्हणायला 'स्वल्प' आणि बरं म्हणायला 'सरी' इतके मुरलेत की ते कानडी आहेत हे तिला सांगूनही पटत नाही. ती के. आर. पुरमला राहते. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. त्याचा विषय निघाला की 'आमचे हे' म्हणते. तिच्या घराण्यात बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत आणि अक्कानं ते आजवर घेतलेलं नाही.

तिसरा समीर, आमचा मॅनेजर. पक्का पुणेकर. त्याच्या वाक्यात क्रियापद तेवढं मराठी असतं.

तर अक्काकडे विंडोज, माझ्याकडे लिनक्स आणि समीरकडे मॅक. आमची तिघांची मराठी तीन तऱ्हेची, पण आमचं एकमेकांना कळतं. या तीन मशिनींचं मात्र साध्या एन्टरवरूनही जमत नाही.

* * *

मी नवा असतानाची गोष्ट. एका सकाळी के. आर. पुरमच्या यादीतल्या सगळ्यांचा स्टॉप 'माहीत नाही' असा ड्रायव्हरांना गेला. मंजुनाथ नावाचा आमचा जुना ड्रायव्हर आहे. त्यानं एकेकाला फोन करून माणसं गोळा केली आणि मग मला फोन करून माझी शाळा घेतली.

मी फाइल उघडली. स्टॉप स्वच्छ लिहिला होता, 'टिन फॅक्टरी'. प्रोग्रामच्या यादीतही 'टिन फॅक्टरी'. कॉम्प्युटर म्हणत होता, हे दोन वेगळे शब्द आहेत. मी मध्ये जास्तीची जागा पडलीय का पाहिलं. अक्षरं मोठी करून पाहिली. शेवटी समीरला बोलावलं.

"दोन्ही टिन फॅक्टरीच आहेत," समीर म्हणाला.

"ते मलाही दिसतंय."

"देन व्हॉट इज द प्रॉब्लेम?"

"मला दिसतंय. त्याला दिसत नाही."

दुपारी कळलं. आपण एन्टर दाबला की विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतं. लिनक्स एकच ठेवतं. दोन्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या. माझा प्रोग्राम एकच खूण काढून टाकत होता आणि दुसरी शब्दाच्या शेपटीला चिकटून राहत होती. म्हणजे अक्काची टिन फॅक्टरी माझ्या टिन फॅक्टरीपेक्षा एका अक्षरानं लांब होती.

हे अक्काला कसं समजवायचं या विचारात मी तिच्या टेबलाशी गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच? अरे, हे टायपिंगच्या क्लासात पहिल्या दिवशी शिकवतात," ती म्हणाली. "ओळ संपली की दोन कामं. टाइपरायटरचा गाडा परत जागेवर ढकलायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. माझा कॉम्प्युटर दोन्ही कामं करतो. तुझा एकच करतो. मग अर्धवट कोण, सांग."

मी इंजिनीअरिंगची चार वर्षं घातली होती. इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी प्रोग्राममध्ये दुसरी खूण काढायची सोय केली आणि समीरला सगळं समजावलं. त्यानं मान डोलावली आणि सार काढलं, "म्हणजे अक्कांचा कॉम्प्युटर फाइलमध्ये कचरा टाकतो."

त्या दिवशी मी तिच्या फाइलीतली नावं वरपासून खालपर्यंत वाचली होती. आद्याक्षरांच्या क्रमानं लावलेली, पण योगेशच्या खाली वेंकटराव. बाईंना एबीसीडीचा क्रमही धड येत नाही, असं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं नाही, तेवढी एक अब्रू राहिली.

* * *

आता खरी भानगड. यंदा एका महिन्याच्या पहिल्या तारखेला समीर वरच्या कंपनीतल्या मीटिंगवरून आला तो पडेल चेहऱ्यानं. त्यांना याद्या हातानं केलेल्या नको होत्या. पोर्टल हवं होतं, ज्याचं त्यानं नाव भरायचं. समीरनं महिन्याची मुदत मागून आणली होती.

"या मंथमध्ये अक्कांच्या लिस्टमधले तीन पिकअप मिस झाले, तर नेक्स्ट मंथपासून पोर्टल," तो म्हणाला. "अक्कांचा डेस्क क्लोज."

चार वाजता अक्का माझ्या टेबलाशी आली आणि फुटाण्यांची पुडी ठेवली. "घरी बसून मी काय करू रे प्रसादा? भिंतीला विचारू, चहा घेतेस का म्हणून?"

मी म्हणालो, "तीन चुकणारच नाहीत. प्रोग्राम माझा आहे."

फुशारकी मारायला माणसाला थोडी जागाही पुरते, वेळही लागत नाही.

* * *

पाच तारखेला होसकोट्याचा अभिषेक रस्त्यावर राहिला. यादीतलं पहिलं नाव. फाइलीत होतं, प्रोग्रामला दिसलं नाही. त्याची तक्रार आली आणि भिंतीवर लाल एक.

झालं होतं असं. यादीतल्या एका बाईंनी अक्काला विनंती केली होती की माझं नाव कानडीत लिहा, ड्रायव्हर इंग्रजी वाचून भलत्याच नावानं हाक मारतो. अक्काला हे फार पटलं. तिनं नाव कानडीत लिहिलं. नोटपॅडनं विचारलं, कानडी अक्षरं टिकवायची तर वेगळ्या पद्धतीनं सेव्ह करू का? अक्का म्हणाली, सरी.

त्या जुन्या नोटपॅडला अशी फाइल सेव्ह करताना सगळ्यात आधी एक खूण ठेवायची सवय आहे. हीसुद्धा न दिसणारी. ती अभिषेकच्या अनुक्रमांकाला पुढून चिकटली, आणि ओळ आकड्यानं सुरू होत नाही म्हणून माझ्या प्रोग्रामनं त्याला वगळलं. मागच्या वेळी शेपूट, या वेळी शिंग.

"एका बाईचं नाव नीट लिहिलं, तर दुसऱ्याची गाडी गेली," अक्का म्हणाली. "हा कुठला न्याय?"

कानडीतलं नाव मात्र ड्रायव्हरला अगदी बरोबर गेलं होतं. त्या बाई खूश होत्या. अक्काला त्यातलं निम्मं समाधान मिळालं, मला तेवढंही नाही.

* * *

दुसरा लाल आकडा माझा. सरळ सांगतो, माझाच.

याद्या सर्व्हरवर चढवायचा एक छोटा प्रोग्राम आहे, वीसेक ओळींचा. त्यात एक ओळ बदलायची होती. मी अक्काच्या टेबलाशी उभा होतो, तिच्याच कॉम्प्युटरवर उघडला, बदलला, सेव्ह केला. तिच्या भल्यासाठीच करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर म्हणाला, अशी फाइल नाही.

मी फाइलींची यादी मागवली. यादीत ती फाइल होती. मी म्हटलं, चालव. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, दाखव. त्यानं दाखवली. मी म्हटलं, आता चालव. तो म्हणाला, नाही. अर्धा तास हे चाललं. सरकारी खिडकीवर असं होतं, पण तिथं निदान समोर माणूस असतो.

कारण तेच. विंडोजवर सेव्ह केल्यामुळे पहिल्या ओळीच्या शेवटी ती दुसरी खूण बसली होती. हा प्रोग्राम कुणी चालवायचा, त्याचं नाव पहिल्या ओळीत असतं. त्या नावाला खूण चिकटली आणि त्या नावाचं सर्व्हरवर कुणीच नव्हतं. त्याला 'चालवणारा सापडत नाही' म्हणायचं होतं. म्हणताना तो 'फाइल नाही' म्हणाला.

तोवर कॅब आदल्या दिवशीच्या याद्या घेऊन निघून गेल्या होत्या. एक मुलगी त्याच दिवशी नव्यानं रुजू होणार होती. ती पहिल्याच दिवशी रस्त्यावर राहिली. लाल दोन.

मी समीरकडे जाऊन सांगितलं, "ही चूक माझी. फाइल मी सेव्ह केली."

"पण कॉम्प्युटर कुणाचा होता?"

"अक्काचा."

"देअर यू गो," समीर म्हणाला आणि वहीत अक्काच्या नावापुढे दुसरी रेघ ओढली. मी वाद घातला. आवाजही चढवला. रेघ पुसली गेली नाही. मला इतका राग आला होता की मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

* * *

मधल्या काळात समीरनंही एकदा यादी केली. अक्का मावसबहिणीकडे लग्नाला गेली होती, तो म्हणाला, हाऊ हार्ड कॅन इट बी.

त्यानं मॅकवर शीट केली आणि सेव्ह करायला गेला. तिथं बरेच पर्याय होते. एकापुढे मॅकिंटॉश लिहिलेलं. आपलं मशीन मॅकच आहे म्हणून त्यानं तो निवडला. हा पर्याय फार जुन्या मॅकसाठी असतो. त्यात ओळीच्या शेवटी फक्त गाडा मागे जातो, कागद वर सरकतच नाही. अक्काच्या भाषेत सांगायचं तर सगळी नावं एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा टाइप झाली.

प्रोग्रामला त्या फाइलीत एकही पूर्ण ओळ सापडली नाही. त्यानं सगळ्या ड्रायव्हरांना मेसेज पाठवला, आज प्रवासी नाहीत.

अकरा ड्रायव्हर टिन फॅक्टरीजवळच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, जमले. मंजुनाथनं मला फोटो पाठवला. प्रत्येकाच्या पुढ्यात खाली-डोसा, म्हणजे भाजी नसलेला साधा डोसा. खाली लिहिलं होतं, "थँक्यू सार."

वरचे तीन मजले त्या दिवशी दहापर्यंत रिकामे होते. भिंतीवर मात्र लाल काहीच दिसलं नाही, कारण प्रवासीच नव्हते तर चुकणार कोण? तक्रारी आल्या, पण समीरनं त्या चढवल्याही नाहीत आणि वहीतही धरल्या नाहीत. "वन-ऑफ होतं," म्हणाला.

* * *

एक अगदी छोटा किस्सा.

एन्टरच्या या कटकटीला कंटाळून मी एक दिवस आमच्या प्रोग्रामच्या सगळ्या फाइलींतल्या ओळींचे शेवट एकसारखे केले. एक कमांड दिली, झालं. अक्षरालाही धक्का नाही.

कुठली ओळ शेवटी कुणी बदलली, हे सांगणारी सोय आमच्याकडे असते. तिच्या हिशेबानं आता प्रोग्रामच्या झाडून सगळ्या ओळी माझ्या नावावर झाल्या. मी नोकरीला लागायच्या आधी लिहिलेल्यासुद्धा. त्यात एका जुन्या माणसानं समीरबद्दल इंग्रजीत एक वाक्य लिहून ठेवलं होतं.

समीरनं तेच नेमकं वाचलं. पुढचा आठवडा तो माझ्याशी फक्त मेलवर बोलत होता.

* * *

मग झरीना.

वरच्या कंपनीनं देवनहळ्ळीकडे, म्हणजे विमानतळाच्या बाजूला, राहणाऱ्या काही नव्या मुलामुलींची वेगळी यादी स्वतःच पाठवायला सुरुवात केली होती. झरीना त्या यादीत शेवटची. पहिल्या दिवशी तिला कॅब आली नाही. तिनं फोन केला, "सर, काहीतरी मिस्टेक झाली असेल." दुसऱ्या दिवशीही आली नाही. "सर, प्लीज एकदा चेक करा." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, मी विमान पकडलं असतं तर लवकर पोचले असते."

यादी त्यांची असल्यामुळे हे अक्काच्या खात्यात धरलं नाही. पण मी हादरलो. झरीनाचं नाव यादीत होतं. वर शिंग नव्हतं, मागं शेपूट नव्हतं. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं, शेपूट नाही हाच घोटाळा. यादी करणाऱ्यानं शेवटच्या नावानंतर एन्टर दाबला नव्हता. आमचा जुना प्रोग्राम एन्टर दिसला तरच ओळ पूर्ण झाली असं धरायचा. शेवटच्या ओळीला एन्टर नाही, म्हणजे ओळ अर्धवट, म्हणजे सोडून द्या.

हे तर कुठल्याही यादीत होऊ शकतं. मी अक्काकडे धावलो.

"अक्का, तुझ्या यादीतलं शेवटचं नाव कधी गळलंय?"

"छे. अकरा वर्षांत माझा एकही माणूस शेवटी राहिलेला नाही."

"तू शेवटी एन्टर दाबतेस?"

"आठवत नाही बघ. माझी आपली एक पद्धत आहे," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिला ड्रायव्हरचा फोन आला.

मी समजलो, दाबत असेल. टायपिंगच्या क्लासात शिकलेली बाई आहे. तरी धोका नको म्हणून बुधवारी दुपारी प्रोग्राम दुरुस्त केला. आता शेवटी एन्टर असो नसो, शेवटचं नाव वाचलं जाणारच. महिना संपायला दोन दिवस होते आणि भिंतीवर लाल दोनच होते. अक्का डोळे तपासायला लवकर गेली होती, तिला सांगायचं राहून गेलं. उद्या सांगू म्हटलं. घरी जाताना मी स्वतःसाठी मैसूरपाक घेतला.

* * *

गुरुवारी सकाळी मी लवकर ऑफिसात आलो. आठ वाजता मंजुनाथचा फोन.

"सार, के. आर. पुरम. वेंकटराव बंदिल्ला." वेंकटराव आले नाहीत.

"थांब जरा. येतील."

फोन ठेवला तोच होसकोट्याच्या कॅबचा ड्रायव्हर. "सार, वेंकटराव नावाचं कुणी आलं नाही. गल्लीत आधीच एक गाडी उभी आहे."

मग देवनहळ्ळीच्या कॅबचा. त्याच्या मागं चार माणसं बसली होती आणि ती काय बोलत होती ते मला फोनवर नीट ऐकू येत होतं. रिंग रोड सोडून आत कशाला आणलं, असा एकंदर सूर होता.

तीन कॅब, एकच गल्ली, एकच वेंकटराव.

मी अक्काच्या तिन्ही फाइली उघडल्या. तिन्हींच्या शेवटच्या ओळीत तेच नाव. वेंकटराव, एक मोबाइल नंबर, आणि पत्ता के. आर. पुरम, मारुतीच्या देवळामागची तिसरी गल्ली. त्यानंतर एन्टर नाही.

त्या गल्लीत मी गेलो होतो. संक्रांतीला अक्कानं जेवायला बोलावलं होतं. तिथं तिचंच घर आहे.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो नको त्या वेळी. ही तिची पद्धत. शेवटचं नाव गळतं हे तिला अकरा वर्षं माहीत होतं. म्हणून ती शेवटी एक गळायचं नाव घालत होती. रोज, प्रत्येक यादीत. आणि मी काल ते गळणं बंद करून टाकलं होतं.

मी तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. दहा मिनिटं संपली की तीन लाल. दोन आणि तीन पाच. अक्काची नोकरी जायला एक पुरे होता. तिला वाचवायला म्हणून मी जे जे केलं, त्या प्रत्येकानं तिला दाराकडे ढकललं होतं. मला माझी अशी चीड आली की तो मैसूरपाकही आठवून नको झाला.

भिंतीवर तिन्ही कॅबपुढे पिवळा दिवा होता. सात मिनिटं झाली. आठ.

नवव्या मिनिटाला पहिला दिवा हिरवा झाला. वेंकटराव, पिकअप पूर्ण.

मग दुसरा हिरवा. मग तिसरा.

मी खुर्चीत बसलो. ओटीपी कुणी दिला, कुठून दिला, काही कळेना.

नऊला पाच कमी असताना मी खाली गेटवर गेलो. मंजुनाथची कॅब आली. पुढच्या सीटवरून अक्का उतरली, मोरपंखी साडी, केसात मोगरा. अकरा वर्षं ती सगळ्या लोकांसाठी कॅब लावत होती आणि स्वतः दोन बस बदलून येत होती. मागून होसकोट्याची कॅब आली. ड्रायव्हरनं खिडकीतून स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "वेंकटराव सार." त्याच्या मागं देवनहळ्ळीची. त्या ड्रायव्हरनं छत्री दिली. तो काही बोलला नाही, मागची चार माणसं बोलत होती.

"तिन्हीत मी एकटी कशी बसणार?" अक्का म्हणाली. "ओटीपी दिला की पिकअप झाला, असं तूच लिहिलंयस ना?"

आम्ही वर आलो. भिंतीवर लाल दोनच होते, आणि ते महिनाअखेरपर्यंत दोनच राहिले.

"अक्का, वेंकटराव म्हणजे..."

"आमचे हे." ती छत्री खुंटीला लावत म्हणाली. "तुझ्या आधी जो प्रोग्रामवाला होता ना, त्यानं सांगितलं होतं, अक्का, शेवटचं नाव गळतं, कुणाचंतरी फालतू नाव घालत जा. आता फालतू म्हणून कुणाला घालायचं? गाडी आली नाही म्हणून तक्रार न करणारा एकच माणूस मला माहीत होता. घरी सांगितलं तर हसले. घाल म्हणाले."

"मग ते गेल्यावर..."

"गेल्यावर काढायला हात झाला नाही."

तिनं पर्समधून एक जुना बटणांचा फोन काढला आणि टेबलावर ठेवला. "रोज चार्ज करते. दर महिन्याला रिचार्जही करते. आज सकाळी देवाला फुलं घालत होते आणि ह्यांचा फोन वाजला. चार वर्षांत पहिल्यांदा. लागोपाठ तीनदा."

माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसले. तिनं फुटाण्यांची पुडी माझ्याकडे सरकवली.

तेवढ्यात समीर आला. बॅग ठेवायच्या आधी त्यानं भिंतीकडे पाहिलं. आकडे पाहिले, मग रिपोर्ट उघडून खालपर्यंत नेला.

"टुडे झीरो मिस. एक्सलंट," तो म्हणाला. "आणि हा वेंकटराव कोण आहे? तिन्ही लिस्टमध्ये आहे आणि तिन्ही कॅबला वेळेवर. वरच्या लोकांना सांगायला पाहिजे, बी लाइक धिस मॅन."

अक्कानं डब्याचं झाकण उघडलं.

"ह्यांचं सांगताय?" ती म्हणाली. "ह्यांनी जन्मात एक बस वेळेवर धरली नाही."